मदत हवी आहे : पुसून परत वापरता येईल असं होलोग्रामचं मटेरियल

मंडळी, बडोद्याला कॉलेजच्या लॅबमध्ये पोरांना होलोग्राम करून दाखवायचाय, पण सिल्व्हर हॅलाइडची (फोटोच्या फिल्मसारखी) प्लेट एकदा एक्स्पोज झाली की संपलं, वर डेव्हलपर, ब्लीच, डार्करूमची कटकट, आणि एक्स्पोजर चालू असताना दांडिया बाजारच्या रस्त्यावरून एखादा टेम्पो धडधडत गेला की फ्रिंजेस (लेसरच्या दोन झोतांनी मिळून उमटणारे उजेड-अंधाराचे बारीक पट्टे) हलल्या, प्लेट फुकट.

म्हणून लोह मिसळलेला लिथियम नायोबेटचा क्रिस्टल बघतोय. उजेड पडला की आतले इलेक्ट्रॉन सरकतात, त्यातून झालेल्या विद्युत फील्डने रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स (क्रिस्टल उजेडाला किती वाकवतो ते) बदलतो, केमिकलचं नाव नाही, बिघडलं तर पुसा. पण आमचा लेसर ६३२.८ नॅनोमीटरचा लाल हीलियम-निऑन आणि हा पठ्ठ्या दाद देतो निळ्या-हिरव्याला, शिवाय होलोग्राम बघायला टाकलेल्या उजेडानेच चित्र विरतं ते वेगळंच. तापवून फिक्स होतं म्हणे, पण आपल्याला तर पुसायचंच आहे ना!

होलोग्राम टिपणारी थर्मोप्लास्टिक फिल्मही असते, तापवली की कोरी होते, ती हल्ली कुठे मिळते का? की क्रिस्टलसाठी ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेसरच घेऊ? स्वस्तातल्या पॉइंटरच्या कोहेरन्सवर (उजेडाच्या लाटा एका तालात राहण्यावर) माझा काडीचा भरवसा नाही. कोणी हे वापरलंय का, आणि बडोदा-अहमदाबादकडे कोणाकडे छोटा क्रिस्टल पडून असेल तर चार दिवस उसना द्याल का?