दवाखान्यात चालणारा हात घरी का थांबतो?

लश्करची_सून:
आमचे घर ग्वाल्हेरच्या लश्कर भागातील एका जुन्या वाड्यात आहे. सासूबाईंना (वय ७१) सात महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात दुबळा झाला. दवाखान्यात व्यवसायोपचाराच्या (रोजची कामे पुन्हा जमावीत म्हणून दिल्या जाणाऱ्या उपचाराच्या) वेळी त्या पेला उचलतात, बटणे लावतात. घरी मात्र पाण्याचा पेलाही मागून घेतात. पूर्वी देवपूजा, वाती, लोणची-मसाले हे सारे त्यांच्याकडे असे. आता आम्ही त्यांना कशाचाही त्रास होऊ देत नाही, पलंगही न्हाणीघराजवळच्या मागच्या खोलीत हलवला आहे. तरी उत्साह का येत नाही?

व्यवसायोपचारक_ग्वाल्हेर:
आपल्या प्रश्नातच बरेचसे उत्तर आले आहे. गॅरी कीलहोफ्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये अमेरिकेतील व्यवसायोपचाराच्या नियतकालिकात मांडलेल्या प्रतिमानानुसार (विचारचौकटीनुसार) माणसाचे रोजचे काम केवळ स्नायूंच्या बळावर चालत नाही. त्यामागे प्रेरणा, सवयी व भूमिका, शरीर-मनाची क्षमता आणि भोवतालचा परिसर हे सारे एकत्र काम करीत असतात. दवाखान्यात आम्ही प्रामुख्याने क्षमता तपासतो, आणि ती सासूबाईंकडे आहे असे दिसते.

प्रेरणा म्हणजे निव्वळ उत्साह नव्हे. ‘हे मला जमेल का’, ‘हे करण्यात अर्थ आहे का’ आणि ‘यात मला गोडी आहे का’ या तीन प्रश्नांची माणसाने अनुभवातून मनाशी दिलेली उत्तरे म्हणजे प्रेरणा. पेला उचलण्याआधीच तो कोणी हाती देत असेल, तर पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिवसातून दहादा ‘नाही’ असे मिळते. सवयींना तर ठरलेली वेळ, ठरलेली जागा आणि नेहमीच्या वस्तू लागतात. मागच्या खोलीतून देवघर दिसत नसेल, तर सकाळच्या पूजेची आठवण करून देणारे काहीच उरलेले नाही. शिवाय घरची कर्ती बाई एका रात्रीत रुग्ण झाली. हे कोणी मुद्दाम केले नाही, मायेपोटीच झाले, पण त्यांची भूमिका गेली ती गेलीच. म्हणून आधी घर बदलावे, सासूबाईंना उपदेश नंतर.

वडिलांचा_मुलगा:
वरील विवेचन पटते, पण एक सावधगिरी सुचवतो. झटक्यानंतर साधारण तीनांपैकी एका रुग्णाला नैराश्य येते, आणि मेंदूच्या इजेमुळेही पुढाकार घेण्याची शक्ती मंदावू शकते. माझ्या वडिलांना आम्ही चार महिने ‘आळस सोडा’ म्हणत राहिलो, आणि तो आजार होता. झोप, भूक, रडू येणे याविषयी डॉक्टरांशी अवश्य बोला. केवळ देवघर जवळ आणून सगळे साधेल असे धरून चालू नका.

व्यवसायोपचारक_ग्वाल्हेर:
अगदी योग्य, हे मी आधीच लिहायला हवे होते. दोन्ही गोष्टी बरोबरीने चालाव्यात.

जुनी_सुगरण:
वाती हे काम मला उत्तम वाटते. पाटावर कापूस ठेवून दुबळ्या हाताने तो नुसता दाबून धरायचा आणि चांगल्या तळव्याने वळायचा. पाट मांडीवर न घेता टेबलावर, खुर्चीत पाठ टेकून बसता येईल असा ठेवावा. लोणच्याच्या जड बरण्यांपासून मात्र सुरुवात करू नये.

लश्करची_सून:
सर्वांची आभारी आहे. डॉक्टरांची वेळ गुरुवारची मिळाली आहे. पलंग अजून मागच्या खोलीतून हलवलेला नाही, कारण माजघराचा उंबरठा उंच आहे आणि तिथे आधाराची दांडी बसवावी लागेल. मात्र काल देवघरापाशी खुर्ची मांडून मी स्वतःच वाती वळायला बसले. त्या थोडा वेळ पाहत राहिल्या, मग म्हणाल्या, “इतक्या जाड वाती का करतेस? तेल पुरणार नाही.” आणि कापूस स्वतःकडे ओढून घेतला. दोनच वाती झाल्या, पण मी मध्ये हात घातला नाही.