सिरिल स्कॉटचं ‘लोटस लँड’: काळ्या पट्ट्यांवरचा ग्लिसांडो अडकतो

प्रश्न: इंग्लिश संगीतकार सिरिल स्कॉटची ‘लोटस लँड’ ही पियानो रचना (१९०५, ओपस ४७ क्र. १) बसवतोय. काळ्या पट्ट्यांवरच्या ग्लिसांडोत (पट्ट्यांवरून बोट सरसर घसरवत सूर वाजवणं) बोट मध्येच रुततं. काय करावं?

उत्तर १: काळ्या पट्ट्या दोन-तीनच्या गटात असतात. गटांमधल्या रुंद फटीत एकटं बोट खाली घसरतं आणि पुढच्या पट्टीच्या कडेला आपटतं. दुसरं, तिसरं, चौथं बोट (अंगठा पहिला धरून) एकमेकांना चिकटवून जवळजवळ आडवं ठेवा, म्हणजे फट आपोआप ओलांडली जाते. दाब अगदी कमी. मनगट स्थिर ठेवून अख्खा हात खांद्यापासून सरकवा. आधी आवाज न काढता, पट्ट्यांवरून नुसता हात फिरवा.

उत्तर २: वरचं बरोबर. पण या रचनेत खरी कसोटी डाव्या हाताची आहे, असं मला वाटतं. तीच आकृती पुन्हा पुन्हा येते. ती जड झाली की उजव्या हाताची सुरावट बुडते. डावा हात एकटा, पेडलशिवाय (सूर लांबवणाऱ्या पायपट्टीशिवाय), अगदी हळू आवाजात बसवा. मग पेडल जोडा. बास (सगळ्यात खालचा सूर) बदलला की पेडलही बदला, नाहीतर सगळं गढूळ होतं.

उत्तर ३: व्हायोलिनवादक फ्रिट्झ क्रायस्लरने केलेलं व्हायोलिन रूपांतर जरूर ऐका. सुरावटीचा श्वास कुठे आहे ते त्यात स्पष्ट कळतं.