मदत हवी आहे: अलाइनर लावलेत, पण सुळा वळतच नाहीये

नमस्कार मंडळी. मी सांगलीत विश्रामबागला राहते, वय ४१. खालचे दात एकमेकांवर चढलेले, ब्रश पोचायचा नाही, हिरड्यांतून रक्त यायचं. म्हणून पाच महिन्यांपूर्वी पारदर्शक अलाइनर, म्हणजे दात हळूहळू सरकवणारे प्लास्टिकचे ट्रे, सुरू केले. दर दहा दिवसांनी नवा ट्रे, रोज २२ तास तोंडात. खाताना काढते, ब्रश करून लगेच घालते. यात कधी चुकले नाही.

खालचे दात सुंदर सरकले. अडलंय ते वरच्या उजव्या सुळ्यापाशी. ट्रेला पकड मिळावी म्हणून त्याच्यावर चिकटवलेला बटणासारखा ठिपका भाकरी खाताना निघाला. दवाखान्यात फोन केला तर "पुढच्या व्हिजिटला बघू, ट्रे चालू ठेवा" म्हणाले. त्यानंतर तीन ट्रे झाले. आता सुळ्याच्या टोकाशी दात आणि ट्रेमध्ये नख जाईल एवढी फट दिसते. सुळा आकाराने गोलसर, अलाइनरने वळायला मुळातच अवघड, हे मला नंतर कळलं. तेव्हाच कुणी सांगायला हवं होतं.

आता परत स्कॅन करून नवे ट्रे करा म्हणतात, पैसे वेगळे. नाहीतर त्या भागापुरती तार.

चाळिशीनंतर कुणाचा सुळा नुसत्या अलाइनरने वळलाय का? मधल्या काळात जुना, नीट बसणारा ट्रे घालून ठेवू का? आणि दुसरं मत घ्यायला सांगली-मिरजेत दात सरळ करण्यातलेच एमडीएस डॉक्टर कुणी सुचवाल का? स्वतःचा अनुभव असेल तर फार बरं.

अजून एक, आमचं हळदीचं दुकान आहे, जेवणातही हळद भरपूर. उरलेले ठिपके पिवळे पडलेत. काही उपाय?