शाळादुरुस्तीचा पैसा कुणाच्या हातात द्यावा? शाळा समिती की बांधकाम विभाग

करवीरकट्टा

मुद्दा सरळ मांडतो. कोल्हापूर जिल्हा परिषदेच्या शाळांची तीन लाखांच्या आतली दुरुस्ती बांधकाम विभागाकडनं काढून शाळा व्यवस्थापन समितीकडं द्यावी, आणि पैसे दिवाळीच्या आसपास द्यावेत. नवीन खोल्या विभागाकडंच राहू देत, त्याबद्दल वाद नाही.

अडचण रकमेपेक्षा तारखेची आहे. मुख्याध्यापकांचा प्रस्ताव केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी असा वर चढतो. शाखा अभियंता पाहणी करून अंदाजपत्रक करतो, मग तांत्रिक मान्यता, जिल्हा वार्षिक योजनेच्या यादीत नाव, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. मान्यतेचा कागद बहुतेकदा फेब्रुवारी-मार्चला निघतो. जिल्हा परिषदेला हा निधी पुढच्या आर्थिक वर्षातही खर्चता येतो, त्यामुळं मार्च उलटला तरी कुणाच्या डोक्यावर टांगती तलवार नसते. आदेश हातात पडेपर्यंत मे उजाडतो. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, आजरा, चंदगड इथं जूनला पाऊस लागला की दसऱ्यापर्यंत छपराला हात लावता येत नाही. ज्या पावसाच्या भीतीनं दुरुस्ती मंजूर झाली, तो पाऊस पोरांनी गळक्या खोलीतच काढायचा.

समितीत ७५ टक्के पालक असतात. त्यात गवंडी असतो, सुतार असतो, वेल्डर असतो. नोव्हेंबरला पैसे मिळाले तर नाताळाच्या आत काम उरकतंय.

मोजमापपुस्तिका

साहेब, हा प्रयोग झालेला आहे. सर्व शिक्षा अभियानात बांधकाम ठेकेदाराला द्यायचं नाही, गावच्या समितीनंच करायचं, असा दंडक होता. त्यातल्या काही खोल्या आजही ठणठणीत आहेत, नाही म्हणत नाही. पण त्या काळातल्या कितीतरी स्लॅबांची खालची बाजू आज पोपडे टाकतेय, आणि कारण एकच असतं: कव्हर. स्लॅबच्या सळईखाली २० मिमी काँक्रीट हवं. सळई नीट उचलून न धरता, खडीचे तुकडे सारून स्लॅब टाकला की कुठं २५ मिमी मिळतं तर कुठं ५. जिथं ५ आहे तिथं ओल आधी पोचते, सळई गंजते, गंज फुगतो आणि खालचा थर सुटून बाकावर पडतो.

आता हीच खोली समितीकडं दुरुस्तीला दिली तर काय होईल? वरनं विटांचा कोबा (पाणी मुरू नये म्हणून स्लॅबवर घालायचा विटांच्या तुकड्यांचा थर), खालनं गिलावा, बाहेरनं रंग. गंजलेल्या सळईवर गिलावा मारणं म्हणजे आजार झाकणं, दोन पावसाळ्यांत तो परत पडतो. खरं काम असं: हातोडीनं ठोकून पोकळ आवाज येणारा सगळा भाग खरवडायचा, सळईच्या मागं बोट जाईल इतकी जागा मोकळी करायची, तारेच्या ब्रशनं गंज काढायचा, सळईला प्रायमर, मग बाँडिंग कोट, आणि तो ओला असतानाच पॉलिमर मॉर्टर १०-१२ मिमीच्या थरांनी. सळईची जाडी पाचव्या हिश्श्याहून जास्त खाल्ली गेली असेल तर नवी सळई जोडायची. गिलावा झाल्यावर यातलं काहीच दिसत नाही. म्हणून प्रत्येक टप्प्यावर बघणारा आणि मापं लिहिणारा माणूस लागतो.

कोब्याचंही ऐका. ४५ चौरस मीटरच्या स्लॅबवर सरासरी १० सेंमी कोबा म्हणजे साडेचार घनमीटर, साधारण नऊ टन वजन. गावाकडं जुना कोबा न काढता त्यावर दुसरा चढवतात. आधीच गंजलेल्या स्लॅबवर अठरा टन! हे समितीनं करावं असं म्हणताय?

कौलारू

तुम्ही दोघं वेगवेगळ्या इमारतींबद्दल भांडताय. स्लॅबबद्दल मोजमापपुस्तिका बरोबर. पण पश्चिमेकडच्या तालुक्यांत दगडमातीच्या किंवा जांभ्याच्या भिंती, वर वासे (छपराची उतरती लाकडं), त्यांवर आडव्या रीपा आणि मंगलोरी कौलं अशा खोल्या अजून भरपूर आहेत. तिथं शाखा अभियंत्याची वाट बघणं म्हणजे छप्पर घालवणं.

कौलाला दरवर्षी मे महिन्यात शाकारणी, म्हणजे कौलं परतून फुटकी बदलणं, लागते, दहा वर्षांतनं एकदा मोठी दुरुस्ती नव्हे. चौरस मीटरला पंधरा-सोळा कौलं बसतात. साठ चौरस मीटरच्या छपराला साडेनऊशेच्या आसपास. वानरांच्या कृपेनं त्यातली शंभर दर साली फुटतात. शंभर कौलं, थोडी माथ्यावरची कोन्याची कौलं, दोन माणसं, दोन दिवस. एवढंच केलं नाही तर फुटलेल्या जागेतनं पाणी रिपेवर, रिपेवरनं वाशावर, वाशावरनं भिंतीच्या माथ्यावर जातं. माती पाझरली की भिंत पोट काढते, आणि मग खरोखर आठ-दहा लाखांचा प्रस्ताव होतो.

वासा वरनं चांगला दिसतो, कुजतो तो भिंतीत बसलेल्या टोकाशी. पेचकस टोचून बघायचा. दोन बोटं आत गेला तर वासा बदलायचा, डांबर फासून वेळ मारून न्यायची नाही. आणि कौलं काढून सरसकट पत्रा घालायचा जो नाद लागलाय त्याबद्दल: नुसत्या पत्र्याखाली जुलैत बाईंचा आवाज दुसऱ्या बाकापलीकडं जात नाही. स्लॅबवर पत्र्याचं शेड केलं तर ठीक, खाली स्लॅब आवाज अडवतो. तेही कॉलममध्ये अँकर करून, नुसतं पॅरापेटवर (गच्चीच्या कठड्यावर) टेकवून नाही. वाऱ्याला पत्रा वर उचलला जातो, पॅरापेटसकट जाईल.

हिशेबनीस

समितीचं खातं म्हणजे शेवटी मुख्याध्यापकांची सही. अध्यक्ष पालक असतो, सचिव मुख्याध्यापक. पोरगं पाचवी पास होऊन गेलं की अध्यक्ष बदलतो, लेखापरीक्षणाचा आक्षेप मात्र सचिवाच्या नावावर राहतो आणि निवृत्तीच्या वेळी वसुली म्हणून पुढं येतो. सर्व शिक्षाच्या खोल्यांनी हे करून दाखवलंय. गवंडी पक्कं बिल देत नाही, वाळूवाल्याकडं रॉयल्टीची पावती नसते, कौलवाला रोख मागतो. दोन शिक्षकी शाळेत एक शिक्षक तीन दरपत्रकं गोळा करत हिंडणार आणि दुसरा चार वर्ग सांभाळणार.

आज समितीला पैसे मिळत नाहीत असंही नाही. समग्र शिक्षाचं संयुक्त शाळा अनुदान आहे: ३० पोरांच्या पटापर्यंत १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, हजारापर्यंत ७५ हजार. त्यात वीजबिल, स्टेशनरी, किमान १० टक्के स्वच्छतेला, आणि इमारतीची वार्षिक देखभालही त्यातच. दहा हजारांत किती कौलं बसवणार ते कौलारूंनी सांगावं.

करवीरकट्टा

हिशेबनीस, तुम्ही माझीच बाजू मांडलीत की! अनुदान पटावर ठरतं, छपरावर नाही. २८ पोरांची गगनबावड्यातली शाळा आणि २८ पोरांची शिरोळातली शाळा, दोघींना १० हजार. एकीकडं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, दुसरीकडं पाचशेच्या घरात. ठरवायचं तर छपराच्या चौरस मीटरवर ठरवा, आणि पावसाचा गुणक लावा.

मोजमापपुस्तिका, लपणारं काम ठेकेदार लपवत नाही का? तीन लाखांच्या मंजुरीतनं १८ टक्के जीएसटी आणि १ टक्का कामगार उपकर वजा केला की कामाला अडीच लाख उरतात. त्यावर पंधरा टक्के कमी दरानं निविदा भरणारा सळईला प्रायमर लावणार, असं तुम्हाला खरंच वाटतं?

मोजमापपुस्तिका

लपवतो. पण त्याची सुरक्षा अनामत अडकलेली असते, दोषदायित्व कालावधीत, म्हणजे बिघडलेलं काम त्यानंच नीट करून द्यायच्या मुदतीत, त्याला परत बोलावता येतं. समितीतल्या गवंड्याला कशानं बोलावणार?

यूडायसवाली

एक मुद्दा अजून कुणीच काढला नाही. निधीची मागणी ठरते ती यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी माहिती-प्रणालीत भरलेल्या खोल्यांच्या स्थितीवर: चांगली, किरकोळ दुरुस्ती, मोठी दुरुस्ती. कित्येक शाळांत गेल्या वर्षीचाच आकडा पुढं ओढतात. छत गळतंय आणि माहितीत खोली 'चांगली'. मग वार्षिक आराखड्यात ती शाळा येणार कुठनं?

याहून वाईट म्हणजे निर्लेखन, म्हणजे मोडकी खोली सरकारी नोंदीतनं कमी करून पाडणं. धोकादायक म्हणून कुलूप लावलेली खोली कागदावर जिवंत असते. दोन शिक्षक, तीन खोल्या असं दिसतं, म्हणून नवीन खोली मिळत नाही. निर्लेखनाला समितीचा ठराव, शाखा अभियंत्याचा पाहणी अहवाल, निघणाऱ्या दगड-लाकूड-कौलांचं मूल्यांकन, उपअभियंत्याचा दाखला, वरची मंजुरी, लिलाव, मग पाडकाम. गाडी अडते ती पहिल्याच रकान्यात: बांधकामाचं वर्ष आणि मूळ खर्च. जुन्या शाळांच्या नोंदवहीत तो नसतो. दुसरी अडचण जागेची. गावठाणातली किंवा देवस्थानची जागा, उताऱ्यावर शाळेचं नावच नाही. पाडलं तर परत बांधायला परवानगी मिळेल का, या भीतीनं गाव पाडू देत नाही. पैसा कुणाच्याही हातात द्या, ही दोन कागदं नसतील तर तो पडून राहणार.

पटपडताळणी

कटू बोलतो. नऊ पोरांच्या शाळेला तीन खोल्यांची दुरुस्ती कशासाठी? एक खोली ठीक करा, बाकीच्यांचं निर्लेखन करा. शक्य तिथं जवळच्या मोठ्या शाळेत पोरं न्या, वाहन द्या. मोडक्या भिंतींवर दर पाच वर्षांनी लाख-लाख घालण्यापेक्षा ते स्वस्त पडेल.

कौलारू

एक खोली ठीक करा, इथवर पटलं. पुढचं नाही. महाराष्ट्राच्या आरटीई (शिक्षण हक्क कायदा) नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. राधानगरी-शाहूवाडीतल्या धनगरवाड्यांवर वाहन देणार म्हणजे कुठल्या रस्त्यानं? आडवा ओढा आला की जुलैत वाहनही थांबतं आणि शाळाही. प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करणारा शाहू महाराजांचा १९१७ चा हुकूम याच मुलखातला. वाड्यावरची शाळा हा इथं लाड नाही, जुना हक्क आहे.

शिरोळपूर्व

पावसाचा गुणक लावा म्हणणाऱ्यांनो, आमच्याकडं पाऊस वरनं येत नाही, नदीतनं येतो. नृसिंहवाडी, कुरुंदवाड, खिद्रापूर या पट्ट्यात आणि तिकडं प्रयाग चिखली, आंबेवाडीत २०१९ आणि २०२१ ला काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. तुमच्या सूत्रात पाचशे मिलिमीटर म्हणून आम्हाला सगळ्यात कमी मिळणार!

पुरात बुडालेल्या शाळेचं छप्पर शाबूत असतं, बिघाड खाली असतो. काळी माती फुगते, पाणी ओसरल्यावर आकसते, फरशी खचते, खिडकीच्या कोपऱ्यातनं तिरपी भेग जाते. ती भेग सिमेंटनं भरून उपयोग नाही, पुढच्या उन्हाळ्यात तीच परत उघडते. आधी इमारतीच्या कडेनं पाणी साचू न देणारा फरसबंद पट्टा आणि गटार, खोलीतला भराव काढून मुरूम थराथरानं ठोकून परत, मगच फरशी. भिंत वाळायच्या आत गिलावा केला तर तो फुगतो, म्हणजे ऑगस्टच्या पुरानंतर डिसेंबरच्या आत रंगरंगोटी करूच नये. पण पंचनाम्याचा निधी आला की पहिला खर्च रंगावरच होतो, उद्घाटनाला दिसायला पाहिजे ना. वीजजोडणीचं बोर्ड आणि पोषण आहाराचं धान्य ठेवायची जागा पूररेषेच्या वर नेणं हे सगळ्यात स्वस्त काम, ते कुठल्याच अंदाजपत्रकात नसतं.

हिशेबनीस

स्वच्छतागृह आणि पाण्याचं काम या भांडणातनं बाहेर काढा. पंधराव्या वित्त आयोगाच्या ग्रामपंचायत निधीत ६० टक्के बंधित होता, तो पाणी आणि स्वच्छतेसाठीच. शाळेची मुतारी, हात धुण्याचं ठिकाण, छपरावरचं पाणी साठवणं त्यात बसायचं. असं काम ग्रामपंचायतीच्या आराखड्यात ग्रामसभेत घालायचं असतं. नंतर पत्र देऊन उपयोग नसतो. समितीचा अध्यक्ष ग्रामसभेत उभा राहिला तर हे होतं.

करवीरकट्टा

बरं, सुधारून मांडतो. तीन लाखांची मर्यादा सोडतो, कामाचा प्रकार धरतो. समितीकडं: कौलं परतणं, रीपा-वासे बदलणं, पन्हळी, दारं-खिडक्या, वायरिंग सोडून किरकोळ वीजकाम. विभागाकडं: स्लॅब, बीम, भेगा, पाया, फरशीचा भराव, पत्र्याचं शेड. शिरोळचं म्हणणं मान्य, पूरपट्ट्याला पावसाचा नाही, बुडण्याचा गुणक. आणि समितीचे पैसे ३० नोव्हेंबरपर्यंत आले नाहीत तर त्या वर्षी तालुक्यात शाळांच्या रंगकामाचं एकही देयक निघू नये.

मोजमापपुस्तिका

वासे तुमच्या यादीतनं काढा. रीपा आणि कौलं समितीची, वासा-तुळई आमची. वासा काढताना भिंतीचा माथा सुटतो, आधी टेकू द्यावे लागतात, आणि दगडमातीच्या भिंतीवर ते कुठं द्यायचे हे गावच्या सुताराला ठाऊक असतंच असं नाही. दुसरी अट: ऑक्टोबरला शाखा अभियंत्यानं प्रत्येक शाळेच्या छपरावर चढून एक पानाचा शेरा द्यायचा, तो यू-डायसला जोडायचा. आज एका शाखा अभियंत्याकडं रस्ते, पाणीयोजना, अंगणवाड्या सगळंच असतं. माणसं वाढवली नाहीत तर ऑक्टोबरचा शेरा खुर्चीत बसूनच लिहिला जाणार, हेही धरून चला.

कौलारू

वाशाचं मान्य. पण टेकू द्यायला तुमचा माणूस एप्रिलच्या आत यायला हवा, नाहीतर सुतार चढणारच.