नॉन-कॅनन जोडीला मराठीत काय म्हणायचं?

रानजाई:
एका लेखाचा मराठी अनुवाद करतेय. फॅनफिक (आवडत्या गोष्टीतली पात्रं घेऊन चाहत्यांनी रचलेल्या कथा) लिहिणाऱ्यांपैकी काहीजण कॅनन जोड्यांवरच लिहितात आणि काहीजण नॉन-कॅननवरच, असं का होतं, हा त्याचा विषय. पहिल्याच परिच्छेदात अडकले. कॅननला 'अधिकृत' केलं, नॉन-कॅननला 'अनधिकृत', तर मैत्रीण वाचून म्हणाली, अगं अनधिकृत जोडी म्हणजे लपूनछपून चाललेलं प्रकरण वाटतं. बरोबर आहे तिचं. 'काल्पनिक' म्हणावं तर मूळ जोडी तरी कुठे खरी असते. मूळ लेखकाने जमवलेली ती कॅनन आणि त्याने कधी जमवलीच नाही पण वाचणाऱ्यांनी जमवली ती नॉन-कॅनन, एवढंच सांगायचंय पण दोन शब्दांत बसेना.

काना-मात्रा:
शब्द तयार आहे. पोथ्यांच्या संपादनात मागाहून घुसलेल्या श्लोकांना प्रक्षिप्त म्हणतात. मूळ जोडी आणि प्रक्षिप्त जोडी. विषय संपला.

निळीशाई:
नाही संपला. प्रक्षेप करणारा नाव लपवतो, आपलं लिखाण मुळात असं मिसळतो की कुणाला कळू नये. मी आठ वर्षं नॉन-कॅनन लिहितेय, माझ्या प्रत्येक गोष्टीच्या माथ्यावर दोन नावं आणि मध्ये तिरकी रेघ असते, म्हणजे वाचणाऱ्याला आधीच कळतं की इथे ह्या दोघांचं प्रेम आहे. तिरक्या रेघेऐवजी अँडचं चिन्ह (&) असेल तर नुसती मैत्री. ही रेघ 1970 च्या दशकात 'स्टार ट्रेक' मालिकेतल्या कर्क आणि स्पॉकवर लिहिणाऱ्यांनी रूढ केली, तिच्यावरूनच त्या लिखाणाला स्लॅश म्हणतात. एवढं उघड सांगणाऱ्यांना प्रक्षिप्त म्हणणं म्हणजे चोरीचा आळ घेणं.

जुनापुराणा:
प्रतिशब्द शोधायच्या आधी कॅननची कुळी बघा. ग्रीकमध्ये कानोन म्हणजे मोजायची सरळ काठी, त्यावरून नियम, पुढे बायबलमधले मान्य ग्रंथ. तोच शब्द अरबीत कानून झाला, आणि आपल्या जुन्या कागदांत 'कानू', 'कानूजाबता' येतो तो त्याच घरातला. म्हणजे कॅनन परका नाही, आपल्या कानूचा सख्खा भाऊ आहे. 'कानूतली जोडी' आणि 'कानूबाहेरची जोडी' म्हणा की. कथांच्या बाबतीत हा शब्द शेरलॉक होम्सवाल्यांनी आणला. इंग्रज लेखक रोनाल्ड नॉक्स यांनी 1911 मध्ये धर्मग्रंथाची चिकित्सा करतात त्याच पद्धतीने होम्सकथांवर निबंध वाचला, आणि पुढे होम्सचा लेखक डॉयल याच्या 4 कादंबऱ्या नि 56 कथा मिळून कॅनन ठरलं.

काना-मात्रा:
कानू आज कुणाला कळणार? त्यापेक्षा प्रक्षिप्त निदान शब्दकोश उघडला तर लगेच सापडतो.

निळीशाई:
आणि ती मोजायची काठी तरी कुठे सरळ आहे? होम्सचा मित्र वॉटसन, त्याची जखम एका कादंबरीत खांद्याला, दुसरीत पायाला. त्याचं नाव जॉन, पण एका कथेत बायको त्याला जेम्स म्हणते. मुळातच अशा फटी असतात म्हणून तर लिहायला जागा मिळते. मी मुळाच्या बाहेर काहीच लिहीत नाही, मुळातल्या फटीत लिहिते. म्हणून 'बाहेरची', 'बाह्य' असलं काही नको.

तिठा:
आमची आजी पोथीतली गोष्ट सांगायची. मी मध्येच 'मग त्या राजाने पत्र लिहिलं' असं काहीतरी घुसडलं की ती पोथीवर बोट तसंच ठेवून चष्म्यावरून बघायची, "हे तुझ्या पदरचं हं." रागावायची नाही, पण पुढे जायच्या आधी वेगळं काढून ठेवायची. मला वाटतं रानजाईंना हाच शब्द हवाय. 'मुळातली जोडी' आणि 'पदरची जोडी'.

रानजाई:
अय्या, किती छान! पण 'पदरचं घालून सांगतो' म्हटलं की खोटं बोलतो असाही अर्थ होतो ना?

तिठा:
होतो, पण पदरमोडही त्याच पदरातली. स्वतःजवळचं काढून देणं. दोन्ही छटा ह्या लिखाणाला लागू आहेत.

जुनापुराणा:
पण मुळात का लिहावी पदरची जोडी? लेखकाने एवढं रक्त आटवून दोघांना एकत्र आणलं, ते सोडून तिसरीकडे कशाला जायचं, मला खरंच कळत नाही. मी लिहितो तो कॅनन जोडीवरच. मूळ गोष्ट लग्नापाशी थांबते, पुढे रुसवेफुगवे, आजारपण, दोघांचं पहिलं मोठं भांडण, हे कुणी लिहिलेलंच नसतं. तिथे पात्रं आयती मिळतात, त्यांचं प्रेम सिद्ध करत बसावं लागत नाही.

निळीशाई:
कारण पुष्कळ गोष्टींत नायकाचे नायिकेबरोबर मोजून चार प्रसंग असतात आणि मित्राबरोबर चाळीस. मित्रासाठी तो जीव धोक्यात घालतो, मित्राला मनातलं सांगतो, नि शेवटच्या पानावर जिच्याशी धड बोललेला नाही तिच्याशी लग्न. जे नातं नीट रंगवलंय त्याच्यावरच वाचणारा जीव लावणार ना. आणि दोन बायकांच्या किंवा दोन पुरुषांच्या प्रेमाला मूळ कथांत कित्येक वर्षं जागाच नव्हती, तेव्हा ज्यांना स्वतःसारखं कुणी वाचायचं होतं त्यांना नॉन-कॅनन ही आवड नव्हती, तोच एक रस्ता होता. ह्याच्यावर मी कितीही वेळ भांडेन.

तिठा:
शिवाय हे आजचं नाही. जांभळाच्या लोककथेत द्रौपदी कबूल करते की तिच्या मनात कर्णाचाही विचार आला होता. पाच नवरे कॅनन, सहावा लोकांच्या पदरचा. आणि तो अजून सांगितला जातो.

काना-मात्रा:
ते प्रक्षिप्तच. (आणि मला ते आवडतं, प्रक्षिप्त ही शिवी नाही एवढंच मी मघापासून सांगतोय.)

अर्धविराम:
उशिरा आले. चालू मालिकांचं काय? आज नॉन-कॅनन असलेली जोडी पुढच्या भागात कॅनन होऊ शकते, आज पदरची म्हणाल ती उद्या मुळातली. म्हणून कॅनन/नॉन-कॅननच ठेवा, सगळ्यांना कळतं. उलट 'शिप'ला, म्हणजे एकत्र यावी असं चाहत्यांना वाटतं त्या जोडीला, मराठी हवं असेल तर आहे. हा शब्द रिलेशनशिपची शेपटी आहे, 'द एक्स-फाइल्स' मालिकेतल्या दोघांनी एकत्र यावं म्हणणारे ते रिलेशनशिपर, त्याचं शिपर झालं. आपल्याकडे कुणाचं नाव कुणाशी जोडतात, आणि नाव म्हणजे होडीसुद्धा! शिप म्हणजे नाव!

जुनापुराणा:
योगायोग आहे हो. एक नाव नामन् पासून, दुसरी नौ पासून. एक नपुंसकलिंगी, एक स्त्रीलिंगी.

अर्धविराम:
मुळं वेगळी असू देत, मराठीत येऊन एक झाली ना. मला तेवढं पुरे.

रानजाई:
थांबा, लिंगावरून आठवलं, अनुवादात तेही अडलंय. मी सगळीकडे 'माझी शिप' लिहिलंय आणि मैत्रीण म्हणते 'माझं शिप'. तुम्ही काय म्हणता बोलताना?

निळीशाई:
माझं शिप. जहाज म्हणून.

तिठा:
माझी. जोडी म्हणून.

काना-मात्रा:
'तो शिप' म्हणणारेही मी ऐकलेत. वेगळा धागा काढा ह्याला.