‘पात्र शाळा’ की ‘पात्र शैक्षणिक संस्था’?

प्रश्न: अमेरिकेच्या १९९६ च्या दूरसंचार कायद्यातून आलेल्या ‘ई-रेट’ योजनेत शाळांना व ग्रंथालयांना इंटरनेट जोडणीवर २० ते ९० टक्के सवलत मिळते. तिच्याविषयी मराठीत लिहिताना शाळांच्या गटाला ‘पात्र शैक्षणिक संस्था’ म्हणावे का?

उत्तर: म्हणू नये, असे माझे मत आहे. ‘शैक्षणिक संस्था’ या शब्दांत महाविद्यालयापासून खासगी शिकवणीपर्यंत सारे काही मावते. शिवाय आपल्याकडे ‘संस्था’ म्हणजे पुष्कळदा शाळा चालवणारे मंडळ. कायद्याला एवढा विस्तार अभिप्रेत नाही. संबंधित राज्याच्या कायद्यानुसार जी प्राथमिक किंवा माध्यमिक शाळा ठरते, जी नफ्यासाठी चालवली जात नाही आणि जिचा कायम निधी ५ कोटी डॉलरपेक्षा अधिक नाही, तीच पात्र. म्हणून ‘पात्र शाळा’ हाच नेमका शब्द. मात्र ‘माध्यमिक’ जपून वापरावा, कारण तिथे त्यात बारावीपर्यंतचे वर्ग येतात, तर आपला वाचक दहावीशी थांबून अकरावी-बारावीला कनिष्ठ महाविद्यालय समजेल आणि ते वर्ग सवलतीबाहेर आहेत असा निष्कर्ष काढेल.

प्रतिप्रश्न: मग बालवाड्या आणि प्रौढ शिक्षणाचे वर्ग?

उत्तर: त्यांचे सरसकट वर्णन करता येत नाही. राज्याचा कायदा त्या शिक्षणाला प्राथमिक किंवा माध्यमिक शिक्षणात धरतो की नाही, यावर सारे अवलंबून असल्याने एका राज्यात पात्र ठरलेला वर्ग शेजारच्या राज्यात अपात्र ठरू शकतो. जागा वाचवण्यासाठी ‘राज्याच्या कायद्यानुसार’ हे शब्द गाळले, तर वाक्य सुटसुटीत होईल, पण खोटे ठरेल.

आणखी एक मत: ‘सवलत’ऐवजी ‘अनुदान’ लिहिण्याचा मोहही टाळावा. ‘अनुदानित शाळा’ म्हटल्यावर आपल्याला शिक्षकांचे वेतन देणारे सरकार आठवते. इथे शाळा देयकाचा आपला वाटा भरते आणि उरलेली रक्कम सार्वत्रिक सेवा निधीतून दिली जाते; त्या निधीत दूरसंचार कंपन्याच वर्गणी भरतात. शाळेचे पात्र असणे आणि तिला किती टक्के सवलत मिळणार, हेही दोन वेगळे प्रश्न आहेत. टक्केवारी मुख्यतः मोफत वा अल्पदरातील दुपारच्या जेवणास पात्र विद्यार्थ्यांच्या प्रमाणावर ठरते आणि काही टप्प्यांवर ग्रामीण शाळांना थोडी अधिक मिळते. त्यामुळे ‘गरीब शाळाच पात्र’ असे लिहिणे चूक आहे. सुस्थितीतील वस्तीची शाळाही पात्र असू शकते, फक्त तिची सवलत कमी असते.