जानेवारीत ऐरोली: मुलींना किनाऱ्यावर कुठे फिरवू?

प्रेषक: सायली, कार्डिफ

नमस्कार मंडळी,
उन्हाळ्यात मंडळाबरोबर वेल्समधल्या पेंब्रोकशरच्या किनाऱ्यावर पायी फिरलो, तेव्हापासून मुलींनी किनाऱ्याचा ध्यासच घेतला आहे. जानेवारीत ऐरोलीला सासरी जातोय. आजीकडे असं चालायला काही आहे का, हे रोज विचारतात. विद्याकाकू, तुम्ही आता तिकडेच राहता. कुठे जावं आणि सकाळी किती वाजता निघावं?

प्रेषक: विद्या, ऐरोली

सायली,
इथे तिकडच्यासारखे उंच कडे नाहीत, खाडी आहे. पेंब्रोकशरची ३०० किलोमीटरची पायवाट बरीचशी कड्यांच्या माथ्यावरून जाते, समुद्र खाली राहतो. इथे चिखल आणि पाणी अगदी पायाशी येतं, त्यामुळे वाकून बघायची तयारी हवी.

ऐरोलीतल्याच दिवा गावाजवळ कांदळवन प्रतिष्ठानचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून सुरुवात कर. ठाणे खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ मध्ये ती महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीतही आली. अभयारण्याच्या जवळजवळ १७ चौरस किलोमीटरपैकी निम्म्याहून जास्त नुसतं कांदळवन, म्हणजे खारफुटीचं जंगल, आहे.

घड्याळापेक्षा कालनिर्णय बघ. कोळी लोकांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनला भरती आणि सकाळी नऊला ओहोटी. खाडीत आतपर्यंत पाणी पोचायला थोडा उशीर होतो, तो धरायचा. म्हणून संकष्टीच्या आसपास नऊ-साडेनऊला पोच. चिखल उघडा असतो तेव्हा रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, चोच उलटी धरून तो चाळत असतात. राखाडी दिसतील ती पिल्लं. गुलाबी रंग खाण्यातून, शेवाळातून आणि बारीक जिवांतून, हळूहळू चढतो.

मुलींना घाई करू देऊ नकोस. तिवराच्या, म्हणजे कांदळवनातल्या एका झाडाच्या, पानावर बोट फिरवून जिभेला लावायला सांग: झाड नको असलेलं मीठ पानातून बाहेर टाकतं. झाडाभोवती चिखलातून बोटभर उंच मुळं वर आलेली असतात, ती श्वासासाठी. त्यांच्यामधून निवट्या उड्या मारत जातात, मासा असून पाण्याबाहेर! एक नांगी भलीमोठी असलेला खेकडा ती हलवताना दिसला तर तो नर. मी आजही तिथे अर्धा तास उभी राहते.

केंद्राची बोट भरती-ओहोटीच्या वेळेनुसारच सुटते, आधी नोंदणी कर. जुने बूट आण.

प्रेषक: मकरंद, स्वान्झी

काकू, थोडी भर घालतो. आमचं घर नेरूळला. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या सुमारास भरती असते, तेव्हा खाडीतला चिखल बुडतो आणि पक्षी सीवूड्सला, टीएस चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या मागच्या पाणथळीवर येऊन बसतात. सायली, तेव्हा ऐरोली सोडून इकडे ये. काठावरूनच थवा दिसतो, बोट लागत नाही. ही जागा अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहे आणि ती वाचावी म्हणून नेरूळची माणसं कित्येक वर्षं झगडताहेत. भरतीला पक्ष्यांना टेकायला ही जागा नसेल तर नुसती खाडी राखून भागणार नाही. मुलींना दोन्ही दाखव.

प्रेषक: विद्या, ऐरोली

मकरंद, अगदी बरोबर. सायली, म्हणजे दोन दिवस धर: संकष्टीला ऐरोली, पौर्णिमेला सीवूड्स. दुर्बीण माझ्याकडची घेऊन जा.